ताटामागं चाळीस

फेब्रुवारी सरत आला तसं गल्लीतल्या बोअरचं पाणी आधी लालसर झालं, मग धारेऐवजी नुसता वारा यायला लागला आणि एका सकाळी मोटार घरघरून थांबली ती थांबलीच. बेंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या रुळांपलीकडे उतारावर ही गल्ली. टँकर दिवसाआड यायचा आणि चढावरच्या घरांचं भरून झालं की उरलंसुरलं खाली मिळायचं. बायका पहाटेपासून प्लास्टिकच्या बिंदिग्या, म्हणजे घागरी, ओळीत मांडून ठेवत.

पवित्राचं सगळं कामच पाण्यावरचं. ती आणि तिची सासू ठकुबाई घरात भाकऱ्या करून दोन खानावळींना पुरवत. पीठ मळायला ऊन पाणी, तव्यावरच्या भाकरीला फिरवायला पाणी, परात, काठवट, तवा धुवायला पाणी. आता परात पुसून घ्यायची वेळ आली होती. ज्वारीचं पीठ कडेला वाळून बसायचं आणि नखांनी खरवडताना पवित्राच्या अंगावर शहारे यायचे.

ही मंडळी निपाणीकडची. अंजली पावलं टाकायला लागली त्या वर्षी बसवंत बायकोला, आईला आणि पोरीला घेऊन बेंगळुरूला आला. तो गिलाव्याचा गवंडी. हात असा सरळ, की ओळंबा लावायची गरज पडू नये. पण गिलाव्याला आधी पाणी लागतं आणि नंतर आठवडाभर भिंतीला पाणी मारावं लागतं. व्हाइटफील्डकडची बांधकामं एकेक करून थांबली. बसवंत रोज सकाळी थापी, गुरमाळा ही हत्यारं पिशवीत घालून नाक्यावर जाई आणि ऊन तापायच्या आत परत येई. पिशवी दाराआड ठेवताना आवाज होऊ नये म्हणून जपायचा. पण थापीचं पातं कुठंतरी लागायचंच.

"आजबी न्हाई," तो म्हणायचा.

"च्या हाय पातेल्यात," पवित्रा म्हणायची. एवढंच.

अशातल्या एका संध्याकाळी अंजली शाळेतून आली. नववीत होती, सरकारी शाळेत. दप्तर खांद्यावरून न काढताच तिनं सांगितलं, "आई, आज वर्गात उणे पोरं आली."

"कसली पोरं?"

"उणे. शून्याच्या खालची. एकशे तेहतीस आन वर जरा तुकडा."

ठकुबाई पीठ चाळत होती. ती म्हणाली, "तुकडा म्हंजी हात का पाय?"

अंजलीला हसू आवरेना. मग तिनं बसून नीट सांगितलं. शाळेचा वार्षिकोत्सव दोन आठवड्यांवर आला होता आणि शाळेकडे पैसे नव्हते. गणिताच्या नरसिंह सरांनी नववीच्या वर्गाला सांगितलं, जमाखर्च तुम्हीच मांडा, समीकरणानं. येणाऱ्यानं प्रत्येकी चाळीस रुपये द्यायचे, मग तो विद्यार्थी असो, शिक्षक असो. किती जण येतील ते ठाऊक नाही, म्हणून तो एक्स. विकास समितीच्या नागोजीअण्णांनी सात हजार दिलेले. ही झाली जमा. खर्चात मंडप, माइक, बक्षिसं आणि पाहुण्यांचा सत्कार मिळून नऊ हजार. माणसं शंभर येवोत की तीनशे, हे नऊ हजार हलत नाहीत. जेवण मात्र ताटामागं. केटरर म्हणाला, पंचावन्नच्या खाली परवडत नाही.

"मग चाळीस एक्स अधिक सात हजार बरोबर नऊ हजार अधिक पंचावन्न एक्स. सोडवलं तर एक्स उणे आला. सगळी हसायला लागली. सर म्हणाले, हसू नका, गणित काय सांगतंय ते ऐका. माणसागणिक चाळीस घेताय आन पंचावन्न खर्च करताय. जेवढी जास्त येतील तेवढा खड्डा मोठा. या भावानं कार्यक्रम होतच नाही."

"मग?"

"मग मी हात वर केला." अंजलीनं हात वर करून दाखवला. "म्हटलं, माझी आई तीस रुपयात ताट करील. दोन भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, मसालेभात आन ताक. सरांनी तीस घालून सोडवलं. एक्स आला बरोबर दोनशे. शाळेत सव्वादोनशेजण आहेत! दोनशे आले तरी भागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आई. माझ्यासाठी."

पवित्राच्या हातातली भाकरी दोन तळव्यांमध्ये फिरत होती ती फिरतच राहिली. "मला इचारायचं न्हाईस व्हय?"

"तू कुठं होतीस तिथं?"

"आन तीस कुठनं आणलास?"

"काढला की. पीठ, वांगी, शेंगदाणे, तांदूळ, तेल, गॅस, पाणी. सगळं मीच तर आणते दुकानातनं. भाव मला पाठ आहेत."

पोरीचा चेहरा असा फुलला होता, की पवित्रानं पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी हेडबाईंचा निरोपही आला, की तुमच्यामुळे सोय झाली. पवित्राला बरं वाटलं. शाळेतून आजवर निरोप आला तो फी, फोटो नाहीतर सहीसाठी.

मग एकेक गोष्ट पुढे यायला लागली. खानावळवाला महांतेश वाईट माणूस नव्हता, पण दोन दिवस भाकरी कमी देते म्हटल्यावर तो गल्ल्यावरून न उठताच म्हणाला, "अक्का, गिऱ्हाईक माझ्याकडं भाकरीसाठी येतं. तुम्ही नाही दिली तर मला दुसरीकडनं घ्यावी लागंल. आणि एकदा दुसरीकडनं घेतली की मग..." त्यानं पुढचं सांगितलं नाही. म्हणजे शाळेचं करायचं ते खानावळीचं करून वर करायचं. पवित्राचा उजवा खांदा गेल्या पावसाळ्यापासून धरलेला. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसे. ठकुबाईच्या गुडघ्यांना मांडी घालून बसणं सोसत नव्हतं, ती पाटावर पाय लांब करून भाकरी थापायची.

रविवारी सगळी घरात होती. बसवंत कोपऱ्यात लसूण सोलत बसला होता. हे काम त्यानं मागून घेतलेलं नव्हतं. सूप त्याच्यासमोर कुणीतरी ठेवलं आणि त्याचे हात चालू झाले. दार मात्र त्यानं पायानं लोटून घेतलं होतं. अंजली शाळेच्या जेवणासाठी काय काय किती आणायचं ते मोठ्यानं वाचून दाखवत होती.

"ह्यात मजुरी किती धरलीयास?" बसवंतनं मान वर न करता विचारलं.

"कशाची?"

"कामाची. कुणाचंबी काम घेताना माल येगळा आन मजुरी येगळी सांगतो आमी. शिमीट-वाळूचं पैसं दिलं म्हणून भित्त आपसूक उभी ऱ्हाती व्हय?"

"मजुरी कशाला अप्पा? घरातच तर करायचंय. आई आन आज्जीच तर करणार."

पोर सहज बोलून गेली. तव्यावरची भाकरी टम्म फुगली आणि पुन्हा खाली बसली. पवित्राला ती उलटायचं भान राहिलं नाही. जळका वास सुटला तेव्हा तिनं भाकरी ओढून काढली. एक बाजू काळी पडली होती.

ठकुबाई हसली. दात नसलेलं, मोकळं हसू. "माझी तर समदी हयातच ह्या हिशोबात हाय गं," ती म्हणाली. "सासऱ्याच्या मळ्यात भाकऱ्या नेल्या, गुऱ्हाळावर नेल्या. कवा कुनी इचारलं?"

पवित्रानं जळकी भाकरी आपल्या ताटात बाजूला ठेवली आणि दुसरा गोळा घेतला. तिला राग आला होता का? आला होता, पण तो कुणावर टाकावा हे तिला कळेना. पोरीवर टाकावा तर तीस म्हटल्यावर आपल्यालाही कुठं खटकलं होतं? पीठ-तेलाची बेरीज आपणही मनात केली होती आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली होती.

दुपारी भांडी पुसून झाल्यावर ती अंजलीजवळ बसली.

"उद्या मी साळंत येते."

"कशाला?"

"तीसला जमत न्हाई म्हणून सांगाया."

अंजलीचा चेहरा खर्रकन उतरला. "आई! मी सगळ्यांसमोर बोललेय. सरांनी फळ्यावर लिहिलंय. आता काय सांगू, आमची आई नाही म्हणते?"

"नाही कुठं म्हंते? चाळीस म्हंते. तीस मालाचं. दहा आमच्या तिघांच्या हातांचं."

"चाळीसनं भागणार नाही!"

"मग न्हाई भागलं तर न्हाई भागलं," पवित्रा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पन त्ये मला घालून सांग. मला वगळून भागतंय म्हनू नगंस."

अंजली रात्री जेवली नाही. सकाळी शाळेकडे निघाली ती आईच्या चार पावलं पुढे, मागे न बघता. पवित्रानं लग्नातली जांभळी साडी नेसली होती. नखांतलं पीठ काही केल्या निघालं नव्हतं, म्हणून ती हात पदराखाली धरून चालत होती.

हेडबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बराच वेळ बसावं लागलं. आत बोलावलं तेव्हा हेडबाई, नरसिंह सर आणि नागोजीअण्णा असे तिघं होते. नागोजीअण्णांचे आजे-पणजे कधीकाळी बेंगळुरूला आलेले. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कानडी इतकं मुरलेलं, की निपाणीच्या माणसाला ती जरा लांबची वाटावी. त्यांचे दोन टँकर होते. पवित्राच्या गल्लीत येणारं पाणी त्यांचंच.

पवित्रानं जमेल तशा कानडीत सांगितलं. तीस माझ्या मुलीनं सांगितले, त्यात तिची चूक नाही, तिनं सामानाचे धरले. कामाचे धरायचे राहिले. चाळीसच्या खाली मला होत नाही.

नरसिंह सरांनी चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही." मग खिडकीबाहेर बघत राहिले.

नागोजीअण्णा मराठीत वळले. "काय अक्का, आपण परके आहोत का? तुम्ही मराठी, मी मराठी. शाळा आपली, मुलं आपली. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा की. आपल्याच माणसांत मजुरी कसली मोजता?"

त्यांच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. हसूनच बोलले. पवित्राच्या मनात आलं, टँकरचं पाणी आपल्या माणसांना फुकट देता का ते विचारावं. ते अगदी ओठांपर्यंत आलं. पण घरात पाच बिंदिग्या पालथ्या पडल्या होत्या आणि टँकर उद्या यायचा होता. तिनं खाली फरशीकडे बघितलं. पदराखालचे हात एकमेकांत घट्ट धरले.

"मी काय म्हणतो, मुलीच्या शाळेसाठी एवढं..." नागोजीअण्णा पुढं बोलतच होते.

अंजली दाराशी उभी होती. आल्यापासून तिनं आईकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं. आपण काल घरात जे बोललो तेच हा माणूस बोलतोय, हे तिला ऐकू आलं असावं. ती पुढं झाली.

"सर, मी परत करू का?"

"कर की."

खोलीत रोजची हजेरी लिहायचा लहान फळा होता. अंजलीनं खडू घेतला. चाळीस एक्स अधिक सात हजार बरोबर नऊ हजार अधिक चाळीस एक्स. मग ती थांबली. दोन्हीकडचे चाळीस एक्स तिनं रेघ मारून खोडले. फळ्यावर राहिलं ते एवढंच: सात हजार बरोबर नऊ हजार.

"एक्स गेला," ती पुटपुटली.

"काय म्हणतंय मग?" सरांनी विचारलं.

"सात हजार म्हणजे नऊ हजार असं म्हणतंय. खोटं आहे."

नागोजीअण्णांनी मांडीवर थाप मारली. "झालं तर! मी काय सांगतोय?"

अंजलीचे कान लाल झाले. पण ती फळ्यापासून हलली नाही. खडू बोटांत फिरवत, फळ्याकडेच बघत ती सावकाश बोलायला लागली. "सर, पण माणसं किती येणार हा प्रश्नच संपला. शंभर आली तरी तेच, दोनशे आली तरी तेच. ज्यानं चाळीस दिले त्याचे चाळीस त्याच्याच ताटात गेले. जेवणाचं जेवणात भागलं. आता अडलंय ते फक्त मंडप-बिंडपवर. तिथं नऊ हजार लागतात आन आहेत सात. दोन हजार इकडं वाढवा नाहीतर तिकडं कमी करा. बास, एवढंच राहिलंय."

नरसिंह सर खुर्चीत पुढं सरकले. "अगदी बरोबर," ते म्हणाले. आवाजात आनंद होता. "आधी सगळं एकात एक गुंतलेलं होतं. आता मोकळं झालं."

हेडबाईंनी खर्चाचा कागद पुढं ओढला. मंडप आणि खुर्च्या चार हजार. माइक दोन. बक्षिसं एक. आणि चार पाहुण्यांच्या सत्काराला, म्हणजे शाल, डोक्याला म्हैसुरी पेटा, चंदनाचा हार, फळांची करंडी धरून, दोन हजार. त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.

चारांतला एक सत्कार नागोजीअण्णांचा होता. सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून त्यांच्याकडे कुणीच बघेना. पंखा फिरत होता. अण्णांचा फोन वाजला, त्यांनी तो बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला.

"शाल पाहिजे म्हणून मी कधी म्हणालो?" ते शेवटी म्हणाले. "घरात सहा पेटे पडलेत. सून म्हणते, ठेवायला जागा नाही."

"तसं नाही, अण्णा, तुमचा मान..." हेडबाई म्हणाल्या.

"सरी, सरी, ठीक आहे. एकेक गुलाब द्या आणि मोकळे व्हा." ते उठले. दारात जाऊन थांबले. "पण पुढच्या वर्षीचे सात हजार दुसऱ्या कुणाकडे तरी मागा."

ते गेले. हेडबाईंनी कपाळावर हात मारला, मग पवित्राकडे बघून म्हणाल्या, "चाळीस. ठरलं." पुढच्या वर्षीचं काय, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर मायलेकी फाटकापाशी थांबल्या. वर्गाची घंटा झाली तरी अंजली जाईना.

"मला सुचलंच नाही गं तेव्हा," ती म्हणाली.

"मला तरी कुठं सुचलं हुतं? तुझ्या अप्पानं इचारलं तवा कळलं." पवित्रानं तिच्या ओढणीची पिन नीट लावली. "जा. घंटी झाली. आन दुपारी डबा खा, कालपास्नं उपाशी हाईस."

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. चढावरच्या बायका म्हणाल्या, ज्या बोअरवरनं भरतात तिथंच पाणी खाली गेलंय. असेलही. नसेलही. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी टँकर आला तेव्हा नळी धरणाऱ्या पोऱ्यानं नेहमीसारख्याच बिंदिग्या भरल्या, तिच्याही. ती एक रात्र मात्र तिनं जागून काढली होती.

शुक्रवारपर्यंत दोनशे आठ जणांचे पैसे जमा झाले. शनिवारी चारचा कार्यक्रम. शुक्रवारी दुपारी बसवंतनं शेजारच्या भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली आणि नाणं टाकून पाणी देणाऱ्या यंत्रावरून कॅन भरून आणले. चढावर गाडी रेटताना त्याच्या पायातली चप्पल तुटली. ती त्यानं गाडीत टाकली आणि अनवाणी घरी आला. डांबर तापलेलं होतं.

शनिवारी उजाडायच्या आधीच दोन शेगड्या पेटल्या. आधी खानावळीच्या भाकऱ्या, त्या पाट्यांत भरून महांतेशकडे गेल्या, मग शाळेच्या. अंजली वांगी चिरून पाण्यात टाकत होती. त्यातलंच पाणी नंतर फरशी पुसायला ठेवायचं होतं. आठ वाजता पवित्राचा खांदा बोलायला लागला. दहाला हात काठवटीवरून उचलेना. ती उठून भिंतीला खांदा दाबून उभी राहिली, तोंडातून आवाज न काढता.

बसवंतनं बघितलं. तो न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आला आणि तिच्या पाटावर बसला.

"तुमी?" ठकुबाई म्हणाली. लेकाला ती कधी अहोजाहो करत नसे. चेष्टेनं केलं.

"माती थापतोच की. ह्ये त्याहून मऊ हाय."

पहिली भाकरी फाटली. दुसरी काठवटीला चिकटली. तिसरी आली ती गोल नव्हती, कुठल्यातरी जिल्ह्याच्या नकाशासारखी होती, पण जाडीला कुठंही फरक नव्हता. तव्यावर टाकली तर सगळीकडून सारखी फुगली. ठकुबाईनं ती उचलून उजेडाला धरली. "कड सुटली बघ कशी. हात माझ्यावर गेलाय."

समोरच्या घरातला माणूस दारातून डोकावला. तोही बसून होता, सुतारकामाचा. "काय मिस्त्री, धंदा बदलला काय?" म्हणून हसला. बसवंत उठला, दार लावून घेतलं आणि परत बसला. आत धूर आणि वाफ कोंडली. ठकुबाईला ठसका लागला, अंजलीचे डोळे चुरचुरले. थोड्या वेळानं तो स्वतःच उठला आणि दार सताड उघडं करून आला. समोरचा माणूस अजून तिथंच उभा होता. बसवंतनं त्याच्याकडे बघितलं आणि गोळा हातावर घेतला.

तीनला सगळं टेम्पोत चढलं. शाळेच्या मैदानात मंडपाची कनात पश्चिमेकडे कमी पडली होती, त्या बाजूच्या खुर्च्या उन्हात तापत होत्या. भाषणं लांबली. पाहुण्यांना मुलींनी एकेक गुलाब दिला. नागोजीअण्णा आले होते, कडक इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी गुलाब घेतला, खिशात खोचला आणि ताठ बसून राहिले. नववीच्या वर्गाचं नाव माइकवरून घेतलं. हिशेब यांनी केला, असं नरसिंह सर म्हणाले. अंजलीचं वेगळं नाव घेतलं नाही. ती तेव्हा ताकाच्या पातेल्याजवळ होती.

जेवणाची रांग लागली. पवित्रा डाव्या हातानं वाढत होती. पोरांनी भाकरीचे तुकडे चटणीत बुडवून हा-हू करत खाल्ले आणि ताकाकडे धावले. नागोजीअण्णा रांगेतूनच आले. दोन घास खाऊन त्यांच्या कपाळावर घाम आला.

"चटणी जळजळीत झालीय, अक्का."

"व्हय, जरा झालीया."

"हं," ते म्हणाले आणि ताट पुढं केलं. "घाला अजून."

पवित्रानं घातली. त्यांनी पाण्याचं काही काढलं नाही, पुढच्या वर्षीचंही नाही.

रविवारी सकाळी ती सगळ्यात उशिरा उठली. अंग ठणकत होतं. चहा झाल्यावर तिनं सामानाचे पैसे बाजूला काढले आणि राहिलेले तीन वाटे करून मांडले. एक सासूपुढं सरकवला.

"मला कशाला?" ठकुबाई म्हणाली. "मी काय पळून चाललेय?"

"तुमच्या हाताचं हाय, आत्ती."

म्हातारीनं नोटांकडे बघितलं. अर्धा दिवस तिथंच राहतील असं वाटलं. मग तिनं त्या उचलल्या, मांडीवर एकेक सरळ केल्या आणि कनवटीला लावल्या. दुसरा वाटा पवित्रानं बसवंतच्या हातात दिला नाही. दाराआडच्या पिशवीवर ठेवला आणि ती आत गेली. परत आली तेव्हा पिशवीवर काही नव्हतं आणि तो दाढी करत होता.

"काय घेणार आज्जी?" अंजलीनं विचारलं. "लुगडं?"

"लुगडी हाईत. मला त्या मेट्रोत बसवा."

सुरू झाल्यापासून ती गाडी तिच्या डोक्यावरून जात होती. चौघं गेली. ठकुबाईनं सगळ्यांची तिकिटं स्वतःच्या पैशांनी काढायला लावली. सरकत्या जिन्याला ती घाबरली, मग बसवंतनं हात धरून तिला साध्या जिन्यानं एकेक पायरी वर नेलं. डब्यात एका मुलानं उठून जागा दिली. ती बसली नाही. दाराच्या काचेपाशी खांब धरून उभी राहिली.

गाडी व्हाइटफील्डकडे निघाली. खालून रस्ता, गाड्या, पत्र्याची छपरं मागे जात होती. मग उंच इमारती सुरू झाल्या. पवित्रानं खांदा डब्याच्या पत्र्याला टेकवला होता, थंड वाऱ्यानं बरं वाटत होतं. बसवंत आईच्या मागं उभा होता. मग एकदम तिच्या खांद्यावरून हात पुढं काढून काचेला बोट लावलं.

"त्यो बघ. पांढरा, बाल्कन्यांचा. त्येचा जिना मी केलाय."

"समदा?"

"समदा. आन त्यो पलीकडचा, काचंचा. आतला गिलावा आमचाच."

म्हातारी मान वळवून वळवून बघत होती. अंजलीनंही कधी हे पाहिलं नव्हतं, तीही काचेला नाक लावून उभी राहिली. पुढं एक इमारत आली, बांबूंच्या परांचीत अडकलेली. खालचे मजले गुळगुळीत करडे, वर नुसत्या विटा. माणूस एकही दिसत नव्हता.

"ह्योबी तुझाच?" ठकुबाईनं विचारलं.

"सहाव्यापतोर माझा."

"आन त्येच्या वर?"

"वर पाणी आल्यावर," बसवंत म्हणाला.